लाकडावरची वीजवेल

लाकडाच्या एखाद्या फळीवर, ताटलीवर किंवा मेजाच्या पृष्ठभागावर काळसर रंगाची एक वेल पसरलेली दिसते. तिला खोड असते, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि शेवटी केसाइतके बारीक तंतू. पावसाळ्यातील काळोख्या रात्री आकाशात वीज चमकली असता क्षणभर जो आकार दृष्टीस पडतो, तोच आकार कोणी लाकडावर कायमचा उतरवून ठेवला असावा असे वाटते. पाहणाऱ्याला प्रथम कौतुक वाटते आणि ही कोणा कसबी कारागिराची करामत असली पाहिजे, असा त्याचा समज होतो. वस्तुतः ही नक्षी मनुष्याच्या हाताने काढलेली नसते. ओलसर केलेल्या लाकडातून काही हजार व्होल्ट दाबाचा विद्युत्प्रवाह सोडला असता लाकूड जळत जाते आणि जळता जळता स्वतःच हा आकार धारण करते.

अमेरिकेत आणि इतर काही देशांत गेल्या दहापंधरा वर्षांत हा प्रकार घरगुती छंद म्हणून फोफावला. इंग्रजी जाणणाऱ्या हौशी लोकांत तो ‘फ्रॅक्टल बर्निंग’ किंवा ‘लिश्टेनबर्ग बर्निंग’ या नावांनी ओळखला जातो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याच्या चित्रफिती जगभर पोहोचल्या आहेत. आपल्याकडील सुतारकामाच्या हौशी तरुणांनाही त्या सहज दिसतात. या छंदाने अमेरिकेत अनेकांचे प्राण घेतले आहेत. म्हणून ही नक्षी उमटते कशी आणि तिच्यासाठी माणसे मरतात का, हे दोन्ही प्रश्न नीट समजून घेतले पाहिजेत.

गटिंगेनच्या प्रयोगशाळेतील चांदण्या

या आकृत्यांची हकीकत जवळजवळ अडीचशे वर्षांची आहे. गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग (१७४२–१७९९) हे जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. मार्मिक सुभाषितवजा टिपणांसाठी जर्मन साहित्यातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. स्थिर विद्युत् निर्माण करण्यासाठी त्यांनी राळेच्या थराचे एक भलेमोठे उपकरण तयार करविले होते. १७७७ साली त्यांच्या असे ध्यानात आले की, राळेची बारीक भुकटी त्या थरावर बसते ती सर्वत्र सारखी बसत नाही. विद्युत्भार जेथे साठलेला असेल तेथे ती जमते आणि तिच्यातून लहान लहान चांदण्यांचे व फांद्यांचे आकार तयार होतात. अदृश्य विजेने जणू आपला माग धुळीत ठेवला होता. लिश्टेनबर्ग यांनी हे आकार कागदावर उतरवून घेतले. विद्युत्भार आणि भुकटी यांचे हेच नाते पुढे १९३८ साली अमेरिकेच्या चेस्टर कार्लसन यांनी निराळ्या रीतीने उपयोगात आणले. कचेरीतील कागदपत्रांच्या नकला काढणारे, ज्याला आपण सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो ते यंत्र त्यातूनच पुढे आले.

‘फ्रॅक्टल’ हा शब्द मात्र अलीकडचा आहे. गणिती बेन्वा मँडलब्रॉट यांनी १९७५ साली तो घडविला. ज्या आकाराचा लहानसा तुकडा घेऊन मोठा करून पाहिला असता तो पुष्कळसा संपूर्ण आकारासारखाच दिसतो, अशा आकारांना हे नाव आहे. नेच्याचे पान, नदीला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे जाळे, फुप्फुसातील श्वासनलिका ही त्याची परिचित उदाहरणे होत.

लाकडावर नक्षी जाळणाऱ्यांनी लिश्टेनबर्ग यांचे नाव घेतले खरे, पण दोन्ही गोष्टींत एक मोठा भेद आहे. प्राध्यापकांच्या उपकरणातील वीज साठविलेली, अल्प आणि क्षणात संपणारी होती. लाकूड जाळणारी वीज घरातल्या भिंतीतून येते, कितीतरी पटींनी जोरकस होते आणि बटण बंद होईपर्यंत संपत नाही. नाव प्रयोगशाळेचे असले तरी प्रकार भट्टीचा आहे.

लाकूड का जळते, फांद्या का फुटतात

कोरडे लाकूड विजेचे चांगले वाहक नव्हे. म्हणून त्यावर क्षार विरघळविलेले पाणी लावतात आणि फळीच्या दोन टोकांना दोन तारा जोडतात. दाब पुरेसा असला म्हणजे ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो. ओलावा सर्वत्र अगदी सारखा कधीच नसतो. लाकडाचे रेषेही सरळ व सारखे नसतात. ज्या वाटेने प्रवाहाला किंचित सुलभ जाते ती वाट अधिक तापते, तेथील पाण्याची वाफ होते, लाकूड करपते आणि त्याचा कोळसा होतो. लाकूड विजेला अडविते, कोळसा मात्र तिला वाट देतो. त्यामुळे कोळशाच्या रेघेच्या टोकाशी विजेचा ताण एकवटतो आणि रेघ तेथून पुढे वाढते. वाढताना तिला कधी दोन वाटा सारख्याच सोयीच्या सापडतात, तेव्हा फांदी फुटते. दोन्ही बाजूंनी अशा फांद्या वाढत येतात आणि मध्ये कोठेतरी एकमेकींना भेटतात. त्या क्षणी विजेला कोळशाचा अखंड रस्ता मिळतो आणि प्रवाह एकदम वाढतो.

या सर्व खटाटोपाला काही हजार व्होल्टांचा दाब लागतो. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तो वाढविण्यासाठी छांदिष्ट लोक बहुधा भंगारातील मायक्रोवेव्ह ओव्हन उघडून त्यातील रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, बाहेर काढतात. हे रोहित्र सुमारे दोन हजार व्होल्ट दाब देते. अन्न तापविणाऱ्या नळीला ऊर्जा पुरविण्यासाठी ते बनविलेले असल्यामुळे त्याची कुवतही मोठी असते. ओव्हनमध्ये असताना ते लोखंडी पेटीत बंदिस्त असते आणि दार उघडताच वीज तोडणारे खटके त्यावर पहारा करतात. छंदासाठी ते बाहेर काढणारा माणूस हा सगळा पहारा आपल्या हाताने उठवितो आणि उघड्या तारा ओल्या मेजावर आणून ठेवतो.

किती वीज माणसाला पुरे होते?

विजेच्या धक्क्याचा विचार करताना लोक व्होल्ट विचारतात. शरीराला इजा होते ती मात्र त्यातून किती प्रवाह गेला आणि कोणत्या मार्गाने गेला यावरून. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात आणि अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअरच्या आसपास बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा ते पंधरा मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली तार मनुष्याला सोडता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी या मर्यादेचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या मोजमापात पुरुषांची सरासरी मर्यादा १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांची साडेदहा मिलिअँपिअर आली. ‘बसला धक्का तर हात काढून घेईन’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. त्या प्रसंगी हात त्याच्या हुकमात राहत नाही.

प्रवाह पन्नास ते शंभर मिलिअँपिअरच्या घरात गेला आणि तो एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात गेला, तर हृदयाचा ठोका बिघडतो. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत मनुष्य बेशुद्ध होतो आणि उपचार न मिळाल्यास काही मिनिटांत मरतो. आता ओव्हनच्या रोहित्राचा हिशोब पाहावा. ते अर्धा अँपिअर, म्हणजे पाचशे मिलिअँपिअर प्रवाह सहज देते. कोरडी कातडी घरगुती दाबाला थोडाफार अडथळा करते. दोन हजार व्होल्टांपुढे तो अडथळा तत्काळ कोलमडतो. मग उरतो तो शरीराच्या आतील ओला, खारट आणि विजेला अनुकूल असा भाग.

ज्यांचा जीव वाचतो तेही सुखरूप सुटतात असे नाही. उच्च दाबाची वीज शरीरात आत शिरून स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भाजून काढते. बाहेरून जखम रुपयाएवढी दिसते आणि आत सबंध हात निकामी झालेला असतो. मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर घाला घालतात. हातपाय कापून टाकावे लागण्याचे प्रसंग अशा अपघातांत येतात.

फसवे भरवसे

या छंदाच्या नादी लागणारे सगळेच बेफिकीर असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ जण आपल्या समजुतीप्रमाणे काळजी घेतात. पण ज्या गोष्टींवर ते विसंबतात त्या या ठिकाणी उपयोगी पडत नाहीत.

पहिला भरवसा फ्यूजचा किंवा आपोआप पडणाऱ्या खटक्याचा. दोन हजार व्होल्टांना अर्धा अँपिअर म्हणजे एक हजार वॅट झाले. २३० व्होल्टांच्या बाजूस त्यासाठी अवघे साडेचार अँपिअर लागतात. सोळा अँपिअरच्या खटक्याच्या दृष्टीने हा एखाद्या इस्त्रीएवढा किरकोळ भार आहे. माणूस जळत असला तरी तो खटका पडणार नाही. खटका तारांना आगीपासून वाचविण्यासाठी असतो.

दुसरा भरवसा गळती ओळखणाऱ्या खटक्याचा. नव्या घरांतून बसविलेला हा खटका खरोखरच जीव वाचवितो. एका तारेने गेलेली वीज दुसऱ्या तारेने परत आली की नाही हे तो पाहत असतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. परंतु रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा जोड नसतो. एका वेटोळ्यातील ऊर्जा दुसऱ्यात चुंबकत्वाच्या द्वारे जाते. माणसातून वाहणारा प्रवाह दुसऱ्या वेटोळ्यापुरताच फिरत राहतो. घराच्या बाजूस गेलेली आणि आलेली वीज तंतोतंत जुळते आणि पहारेकऱ्याला काही घडले आहे याचा पत्ताच लागत नाही.

तिसरा भरवसा हातमोज्यांचा आणि वेष्टनाच्या तारांचा. भांडी घासण्याचे किंवा बागकामाचे रबरी मोजे विजेसाठी बनविलेले नसतात. उच्च दाबावर काम करणाऱ्या कामगारांचे मोजे निराळे असतात. ते ठराविक दाबाला तपासलेले असतात, त्यांवर चामड्याचे दुसरे मोजे घालतात आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र आढळले तरी ते बाद करतात. आपल्याकडे घरबांधणीत वापरण्यात येणारी सर्वसाधारण तार ११०० व्होल्टांसाठी असते. तिच्यात दोन हजार व्होल्ट सोडणे म्हणजे तिच्या वेष्टनावर नसलेला विश्वास टाकणे होय. शिवाय हे काम पाण्याचे. पाणी फळीखाली ओघळते, मेजावर पसरते, जमिनीवर ठिबकते, आणि त्याबरोबर विजेची वाटही पसरत जाते.

काही लोक ओव्हनऐवजी निऑनच्या पाट्यांचे रोहित्र वापरतात आणि त्याचा प्रवाह कमी असल्यामुळे धोका नाही असे मानतात. ते रोहित्र पंधरा हजार व्होल्टांपर्यंत दाब देते आणि प्रवाह साधारणतः तीस मिलिअँपिअर. हात सुटण्याच्या मर्यादेच्या ही जवळजवळ दुप्पट झाली. हाताने तार सोडली नाही तर तेवढाही प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. पायाने दाबावयाचे बटण लावले म्हणजे काम भागले, असेही कित्येकांना वाटते. आवळलेले स्नायू पायही बटणावरून उठू देतील याची शाश्वती कोणी द्यावी?

आणखी एक गोष्ट. ओव्हनमध्ये विद्युत्भार साठविणारा एक घटक असतो. त्याला कपॅसिटर म्हणतात. भिंतीतील पिन काढून ठेवल्यानंतरही त्यात घातक भार शिल्लक राहू शकतो. म्हणजे लाकूड आणण्यापूर्वीच, नुसते ओव्हन उघडताना, धोका सुरू होतो.

मृत्यूंची नोंद

अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही लाकूड कातणाऱ्या कारागिरांची संघटना १९८६ साली स्थापन झाली. लाकडावर प्रेम करणाऱ्यांचीच ही संस्था. नव्या कल्पनांचे तिला वावडे नाही. तरीही तिने आपल्या कार्यक्रमांतून या प्रकाराला मज्जाव केला आहे आणि त्याच्या धोक्यांविषयीचे लेखन वगळता त्यावर आपल्या प्रकाशनांत काहीही न छापण्याचे धोरण स्वीकारले आहे. या छंदापायी झालेल्या मृत्यूंची नोंदही तिने ठेवली. २०२२ पर्यंत ती संख्या तिसाच्या पुढे गेली होती.

त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅरेथॉन नावाच्या परगण्यात एका घराला आग लागली आणि आत एक जोडपे मृतावस्थेत सापडले. आरंभी तपास अधिकाऱ्यांना घातपाताचा संशय आला. पुढे निष्पन्न झाले ते असे की, दोघांचाही मृत्यू या नक्षीकामाच्या वेळी विजेच्या धक्क्याने झाला होता. घरातील मोटारीच्या खोलीत लागलेली आग नंतर सबंध घरात पसरली.

२०२२ मध्येच ऑस्ट्रेलियातील खाद्यशास्त्रज्ञ ॲन रिअर्डन यांनी या छंदाच्या धोक्याविषयी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ती प्रसारित करणाऱ्या यूट्यूबने ‘धोकादायक कृती’ दाखविल्याच्या कारणावरून ती काढून टाकली. हा छंद कसा करावा हे शिकविणाऱ्या कित्येक चित्रफिती मात्र तशाच राहिल्या होत्या. लोकांनी आवाज उठविल्यावर इशाऱ्याची चित्रफीत पुन्हा दिसू लागली. एखादी गोष्ट पडद्यावर हजारो लोक पाहतात म्हणून ती कोणी तरी तपासून निर्धोक ठरविली असेल, हा समज किती पोकळ आहे ते यावरून दिसते. पडद्यावर दिसतो तो सुखरूप राहिलेला मनुष्य. जो राहिला नाही, त्याची चित्रफीत कोणी दाखवीत नाही.

अपघात घडलाच तर

कोणीही हा धक्का खाऊन पडलेला दिसला तर पहिला मोह त्याला ओढून काढण्याचा होतो. नेमके तेच करावयाचे नाही. वाचविणारा दुसरा बळी ठरतो. घरगुती विजेच्या धक्क्यात कोरड्या काठीने तार दूर सारावी असे आपल्याला शिकविलेले असते. येथे तोही उपाय योजू नये, कारण दाब कितीतरी अधिक असून आजूबाजूचे सारे ओले असते. दूर राहूनच घराचा मुख्य खटका पाडावा. वीज खात्रीने बंद झाल्यावरच त्या माणसाला हात लावावा आणि कोणाला तरी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगावे.

श्वास नसेल, हालचाल नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाब द्यावा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, प्रौढ माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतका. मदत येईपर्यंत थांबू नये. ही रीत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील विल्यम कौवेनहोवेन व त्यांचे सहकारी यांनी जगापुढे मांडली. कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विद्युत् अभियंता होते. तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने मरत, आणि त्यांना वाचविण्याच्या विवंचनेतूनच हृदय आणि वीज यांविषयीचे त्यांचे संशोधन सुरू झाले होते. पोटासाठी खांबावर चढणाऱ्या माणसांच्या मृत्यूंतून जगाला हे ज्ञान मिळाले. एका फळीवरील नक्षीसाठी त्याची गरज पडावी ही खेदाची गोष्ट होय. धक्का बसूनही जो उठून बसला, त्यालाही रुग्णालयात न्यावे. आतील इजा बाहेरून दिसत नाही.

हौस पुरविण्याचे अन्य मार्ग

मुलाने भंगारवाल्याकडून जुना ओव्हन आणला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्या हेतूची चौकशी करावी. नुसते रागावून उपयोग नाही. वर सांगितलेला हिशोब त्याच्यापुढे मांडावा. जिज्ञासू मुलाला नकारापेक्षा कारण लवकर पटते. आणि त्याची हौस मारून टाकण्याचेही कारण नाही.

लाकडावर जाळून चित्र काढण्याची कला जुनी आहे. तापविलेल्या लोखंडी टोकाने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या विजेच्या लेखणीने ती साधते. त्यात वीज टोक तापविण्यापुरतीच असते आणि चुकले तर बोट भाजते. तीच वेल, त्याच फांद्या हातानेही काढता येतात. फांदी कोठे फोडावयाची हे तेव्हा कारागीर ठरवितो. जुन्या गोव्यातील चर्चच्या वेदींवर जे कोरीव काम आजही डोळे निववते, ते छिन्नी, पटाशी आणि धीर एवढ्या साधनांनी झालेले आहे. सावंतवाडीच्या कारागिरांनीही लाकडात रंग आणि रूप भरले ते हाताच्या कसबाने.

फांद्यांचा आकार कसा जन्मतो याचेच ज्याला कुतूहल असेल, त्याच्यासाठी शाळेतही करता येण्याजोगा एक साधा प्रयोग आहे. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोन लहान पट्ट्या घ्याव्यात. एकीवर घट्ट ओल्या रंगाचा ठिपका टाकून दुसरी तीवर दाबावी आणि मग दोन्ही अलगद विलग कराव्यात. रंगाच्या थरात हवा शिरते, जेथे वाट सोपी तेथे पुढे सरकते, आणि पाहता पाहता दोन्ही पट्ट्यांवर फांद्याफांद्यांचे झाड उमटते. सोपी वाट शोधीत टोकाशी वाढत जाण्याचा जो नियम लाकडातील विजेला लागू आहे, त्याच्याच जवळचा नियम येथे डोळ्यांसमोर घडताना दिसतो. मुलांना तो दहा वेळा करून पाहता येतो आणि शेवटी धुवावे लागतात ते फक्त हात.